ब्लू-रे जिंकला. बरं मग?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही गोष्टी पुराणकथांसारख्या सांगितल्या जातात. बीटामॅक्स आणि व्हीएचएसची एक, आणि तिचीच धाकटी बहीण म्हणजे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडीची. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये 'स्टँडर्ड्स' हा शब्द आला की पुढच्या स्लाइडवर या दोन निळ्या-लाल डब्या हजर. मग तात्पर्य. सांगणारा ज्या पंथाचा असेल तसं तात्पर्य बदलतं. कोणी म्हणतो चांगलं तंत्रज्ञान जिंकलं, कोणी म्हणतो इकोसिस्टिम जिंकली, आणि एमबीए केलेला मॅनेजर असेल तर 'शेवटी मार्केट ठरवतं' असं म्हणून चहाला उठतो.

मंडळी, मला या तिन्ही तात्पर्यांबद्दल तक्रार आहे. या लढाईची गोष्ट आपण अमेरिकेतल्या दिवाणखान्यात बसून सांगतो. तिथे कोण जिंकलं याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. माझा प्रश्न एवढाच, की जिंकलेल्या त्या तबकडीवर माझ्या भाषेतला सिनेमा किती आला? मोजके अपवाद असतील तर असोत, पण जवळजवळ आलाच नाही. हरलेल्या तबकडीवर यायचा तर प्रश्नच नव्हता. आपला सिनेमा आला तो सगळ्यात भिकार फॉरमॅटवर, आणि त्यातला बराचसा आजही तिथेच अडकून पडलाय.

आधी लढाई थोडक्यात, कारण आजच्या फ्रेशर्सना ती दंतकथाच वाटते.

डीव्हीडी वाचायला लाल लेसर लागतो, ६५० नॅनोमीटरचा. लेसर जितका 'बारीक', तितके खड्डे जवळ जवळ मारता येतात आणि तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती बसते. दोन्ही नव्या फॉरमॅटनी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर घेतला. फरक होता तो माहितीवरच्या प्लॅस्टिकच्या थरात. एचडी डीव्हीडीने जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटरचा थर ठेवला. त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती काढता येत होती, आणि एका थरात १५ जीबी बसायचे. ब्लू-रेने तो थर ०.१ मिलिमीटरवर आणला. यंत्रं नवी लागली, पण एका थरात २५ जीबी बसले. आतला व्हिडिओ दोघांचाही त्याच तीन कोडेकमधला होता. म्हणजे पडद्यावरचं चित्र शेजारी शेजारी लावलं असतं तर आपल्यापैकी कोणालाही ओळखता आलं नसतं.

आणखी एक फरक होता आणि तो स्लाइडवर कधीच नसतो. एचडी डीव्हीडीला रीजन कोड नव्हता. ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये आणि आपण सी मध्ये. म्हणजे न्यू जर्सीच्या मावशीने कौतुकाने पाठवलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. हे कुलूप कोणाच्या सोयीसाठी होतं? तुमच्या-माझ्या तर नक्कीच नाही.

आता 'मार्केटने ठरवलं' हे किती खरं ते बघू. सोनी, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे होते आणि युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन पूर्णपणे एचडी डीव्हीडीकडे गेले, आणि त्यासाठी त्यांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचे लाभ मिळाल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. सोनीने २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रेचा ड्राइव्ह बसवून दिला होता. गेम खेळायला यंत्र आणलेल्या पोराच्या घरी फॉरमॅट आपोआप शिरला. वॉर्नर तेवढी दोन्ही डगरींवर होती. ४ जानेवारी २००८ ला तिने आपण ब्लू-रेकडे जात असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि मग वॉलमार्टने एचडी डीव्हीडी सोडली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले. वॉर्नरच्या घोषणेपासून पुरते सात आठवडेही नाहीत.

यात ग्राहक कुठे आहे? तो बिचारा अजून डीव्हीडीच बघत होता. कुठला फॉरमॅट टिकतो ते कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत एवढा शहाणपणा त्याच्याकडे होता. पाच-सहा कंपन्यांनी आपापसात तोडपाणी केलं आणि आपण त्याला बाजाराचा कौल म्हणतो. आमच्याकडे बिनविरोध झालेल्या सोसायटीच्या निवडणुकीलाही जनतेचा कौल म्हणतात, त्यातलाच प्रकार.

असो. आता आपल्याकडे त्याच काळात काय चाललं होतं ते सांगतो.

आमचं नरसिंहपूर पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा जिथे मिळतात तिथे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. बाजाराला अकलूज किंवा टेंभुर्णी जवळ. या भागात २००८ साली कोणी ब्लू-रेचं नाव घेतलं असतं तर ते कीटकनाशक आहे का असं विचारलं असतं. लोडशेडिंगचे दिवस होते. दिवसातले कितीतरी तास वीजच नसायची. आणि तरीही घराघरात 'सीडी' होती. सीडी म्हणजे व्हीसीडी. प्लेअर स्वस्त, तबकडी त्याहून स्वस्त, आणि जत्रेत देवाच्या फोटोंशेजारी चटईवर मांडलेली. दादा कोंडके, लक्ष्या-अशोक सराफ, लोकनाट्यं, कीर्तनं, सगळं त्यावर मिळायचं.

व्हीसीडीचं स्टँडर्ड १९९३ चं. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत चित्र ३५२ गुणिले २८८. म्हणजे जेमतेम एक लाख पिक्सेल. डीव्हीडीत चार लाखांच्या वर, आणि फुल एचडीमध्ये वीस लाखांच्या वर. सरळ हिशोब करा: एचडीच्या विसाव्या हिश्श्याएवढं चित्र. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं बसायची, म्हणून सिनेमा दोन-तीन डिस्कवर यायचा, आणि भर क्लायमॅक्सला कोणीतरी उठून दुसरी सीडी घालायची. चुका दुरुस्त करण्यासाठीची जी जादा माहिती डेटाच्या सीडीत असते, ती व्हीसीडीच्या व्हिडिओत जागा वाचवायला काढून टाकलेली. म्हणून ओरखडा आला की अशोक सराफांच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, पण सिनेमा पुढे जायचा. शर्टाला पुसायची आणि परत लावायची!

पण या भिकार फॉरमॅटचे दोन गुण बघा. एक म्हणजे ती परवडायची. आणि दुसरं, तिला कुलूप नव्हतं. ना रीजन, ना एन्क्रिप्शन. कॉम्प्युटरमध्ये घातली की एका फोल्डरमध्ये डॅट फाइल सरळ दिसायची. हार्ड डिस्कवर ओढली की झालं. ज्यांना 'प्रीमियम अनुभव' विकायचा होता त्यांच्या स्लाइडमध्ये हे दोन्ही गुण कधी दिसले नाहीत, पण आपला सिनेमा वीस वर्षं गावोगाव पोचवला तो यांनीच.

भारतात या गोष्टीचा खरा नायक, किंवा शोकांतिकेचा नायक म्हणा, मोझर बेअर. ही आपली देशी कंपनी, रिकाम्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. २००७ मध्ये तिने सिनेमे विकायला सुरुवात केली. व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये! तेव्हा डीव्हीडी शेकड्यात विकली जायची. मोझर बेअरचं गणित साधं होतं: पायरेटेड सीडीच्या भावात ओरिजिनल दिली तर लोक ओरिजिनल घेतील. त्यात मराठी सिनेमेही आले. वाण्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, कुठेही मिळायचे. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत आपल्याकडच्या व्हिडिओच्या बाजारात कोणी केलेला हा सगळ्यात प्रामाणिक प्रयोग. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या कंपनीच्या लिक्विडेशनचा आदेश निघाला. कारणं पुष्कळ होती, सोलरमध्ये घातलेला पैसा हे त्यातलंच एक. पण तबकडीचा धंदाच संपत आला होता, त्याचा वाटा मोठा.

आणि तो कोणी संपवला? इथे मला आमच्या गावच्या देवाची आठवण येते.

हिरण्यकश्यपूची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. वर मागताना त्याने सगळ्या टेस्ट केसेस लिहून दिल्या होत्या. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. शस्त्राने नको, अस्त्राने नको. कुठल्याही क्यूएवाल्याने पास केला असता असा स्पेक. आणि नरसिंह नेमका दोन ओळींच्या मधून आला. ब्लू-रेवाल्यांनीही असाच वर मागितला होता. एचडी डीव्हीडीने मरण नको, कॉपी करणाऱ्याने नको, परदेशातून आणलेल्या डिस्कने नको. म्हणून एएसीएस, त्यावर बीडी प्लस, त्यावर रीजन. स्ट्रीमिंग या यादीतच नव्हतं. ते आलं आणि उंबरठ्यावर मांडी घालून बसलं. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलं, जिओ त्याच वर्षी सप्टेंबरात. नरसिंहपुरात ब्लू-रे कधी पोचलाच नाही, पण जिओ पोचलं. पुढे सोनीने स्वतःच फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं.

मग तुम्ही म्हणाल, झालं की मग चांगलं! आता सगळं ओटीटीवर आहे, युट्यूबवर आहे, तबकड्या कशाला हव्यात?

हा युक्तिवाद मी दर शुक्रवारी कँटीनमध्ये ऐकतो, आणि हाच मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

पहिली गोष्ट, 'आहे' म्हणजे काय? युट्यूबवर जुना मराठी सिनेमा शोधा. बरेचदा जे मिळतं ते त्याच व्हीसीडी किंवा डीव्हीडीच्या काळातल्या मास्टरवरून चढवलेलं असतं. कोपऱ्यात लोगो, मधे नंबर, डोकी वरून कापलेली कारण कोणीतरी चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवलंय. वर 'एचडी' लिहिलेलं. एक लाख पिक्सेल वीस लाखांच्या डब्यात ओतले की एचडी होत नाही हो! उसात पाणी सोडून टनेज वाढतं, उतारा वाढत नाही.

दुसरी गोष्ट, ते 'तुमच्याकडे' नाही. ओटीटीवर असतो तो परवाना, आणि परवान्याला तारीख असते. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षाअखेर तुमच्या लायब्ररीतून जातील. भाड्याने घेतलेले नव्हेत, विकत घेतलेले! आरडाओरडा झाल्यावर नवा करार झाला आणि ते राहिले. हीच ती सोनी, फॉरमॅटची लढाई जिंकलेली. अमेरिकन ग्राहकाच्या आरड्याओरड्याला निदान किंमत आहे. १९८० च्या दशकातला एखादा मराठी सिनेमा उद्या ॲपवरून गेला तर कोण ओरडणार? बघणारे चार हजार, त्यातले तीन हजार आपले आजी-आजोबा.

तबकडी अमर आहे असंही मी म्हणत नाही. २००६ ते २००८ दरम्यान काढलेल्या आपल्या काही डीव्हीडी सडत असल्याचं वॉर्नरने २०२५ मध्ये मान्य केलं. फॉरमॅट कोणताही असो, तो मरतो. टिकवायचं असतं ते मूळ. आणि आपण नेमकं तेच टिकवत नाही.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथेच खरी गोम आहे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये एचडीपेक्षा जास्त तपशील असतो. 'वळू' आणि 'टिंग्या' २००८ चे. ज्या वर्षी तोशिबा हरली त्याच वर्षी मराठी सिनेमा पुन्हा मान वर काढत होता, आणि तेव्हा बहुतेक सिनेमे फिल्मवरच चित्रित व्हायचे. म्हणजे निगेटिव्ह शाबूत असेल तर तुम्ही ब्लू-रे चुकवला तरी बिघडत नाही. उद्या ४के करा, परवा ८के करा. पण निगेटिव्ह गेली आणि हातात फक्त व्हीसीडी उरली, की तो सिनेमा कायमचा एक लाख पिक्सेलचा झाला. कुठलीही एआय नसलेला तपशील परत आणत नाही, ती फक्त गुळगुळीत थापा मारते.

आणि निगेटिव्ह जातात. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात एफटीआयआयच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि नायट्रेटवरचे जुने सिनेमे जळाले, त्यात प्रभातचा वारसाही होता. 'घाशीराम कोतवाल'वरचा १९७६ चा सिनेमा घ्या. पुण्यातल्या नाटकावरचा, एफटीआयआयमधून बाहेर पडलेल्या पोरांनी केलेला. त्याची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने जपून ठेवली होती, म्हणून त्याचं डिजिटायझेशन होऊ शकलं. पुण्याचा नाना फडणवीस जर्मनीत सांभाळला गेला! याला अभिमान म्हणायचं की लाज, तुम्हीच ठरवा.

आपण आयटीवाल्यांनी तरी हे समजायला हवं. आपल्याच भाषेत आपण असली एक फॉरमॅटची लढाई जगलोय: फॉन्टची. एकेका कंपनीचा फॉन्ट, प्रत्येकाचं कोडिंग वेगळं. तो फॉन्ट नसेल तर अख्खी कादंबरी म्हणजे गिचमिड चिन्हं. युनिकोड आला म्हणून आज हे तुम्ही कुठल्याही फोनवर वाचताय. जुन्या फाइलींपैकी ज्या कोणी वेळेवर बदलून घेतल्या त्या वाचल्या. बाकीच्या हार्ड डिस्कवर आहेत, पण असून नसल्यासारख्या. युनिकोड जिंकला हे चांगलंच झालं, पण त्या जिंकण्याने जुना मजकूर आपोआप वाचला नाही. कोणीतरी बसून तो बदलावा लागला.

आता 'मग काय करायचं ते सांग' असं म्हणणाऱ्यांसाठी.

सरकारकडून काहीच होत नाही असं नाही. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. मे २०२२ मध्ये केंद्राने सुमारे २,२०० सिनेमांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी जाहीर केले. पण सगळ्या भाषांची रांग मोठी आहे. म्हणून मला दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. तोच सिनेमा फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने घडवला, २०२४ मध्ये तो कानला दाखवला गेला, आणि त्याही वेळी खर्चाला तोच दूध महासंघ उभा राहिला.

आता माझ्या तालुक्यांकडे बघा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. बारामती-इंदापुरात सहकारी कारखान्यांना तोटा नाही, दूध संघ आहेत ते वेगळे. वर्धापनदिनाला सिनेतारका आणून नाचवायला पैसे निघतात. एका कारखान्याने एक मराठी सिनेमा दत्तक घ्यावा. निगेटिव्ह शोधायची, स्कॅन करायची, एक प्रत पुण्याच्या संग्रहालयात आणि एक स्वतःकडे ठेवायची. सुरुवात 'सामना'पासून करा ना! डॉ. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला. साखरसम्राटाला आरसा दाखवणारा सिनेमा साखर कारखान्याच्या पैशाने जपला गेला तर त्याहून गोड काय? :)

निर्मात्यांकडे मागणं एकच. सिनेमा कुलपाशिवाय, चांगल्या प्रतीत, रास्त किमतीला विकत द्या. मोझर बेअरने २८ रुपयांत दाखवून दिलंय की लोक घेतात. नाही दिलंत तर टेलिग्रामवर मिळेल तेच लोकांच्या स्मरणात राहील.

आणि तुम्ही. पायरसी करा असं सांगत नाहीये. घरच्यापुरतं बोलतोय. आईबाबांच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, गावच्या उत्सवाच्या सीडी आहेत. त्या कारखान्यात छापलेल्या नाहीत, फोटो स्टुडिओवाल्याने जाळलेल्या आहेत, आणि त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर छापील डिस्कपेक्षा लवकर विरतो. यूएसबीचा ड्राइव्ह हजार-पंधराशेत मिळतो. या शनिवारी बसा. आधी जाळलेल्या डिस्क, मग छापील. फाइल जशी आहे तशी ठेवा, 'छान' करायला पुन्हा कॉम्प्रेस करू नका. वाचताना अडली तर डीडीरेस्क्यू लावून रात्रभर सोडा. दोन प्रती करा, दुसरी दुसऱ्या घरी ठेवा.

आमच्याकडे संगमानंतर नीरा हे नाव संपतं. पुढे नदी भीमा म्हणूनच पंढरपूरला जाते. पण नीरेचं पाणी कुठे जात नाही, ते त्याच पात्रातून वाहतं. तोशिबानेही २००९ मध्ये मुकाट्याने ब्लू-रे प्लेअर विकायला घेतले. नावं अशीच बुडत राहणार. पुढच्या ट्रेनिंगला कोणी ती स्लाइड लावली आणि 'कोण जिंकलं?' असं विचारलं, तर त्याला विचारा, 'पाण्याचं काय झालं?'